मध खाणारा

चेक भाषेत अस्वलाला 'मेद्व्येद' म्हणतात. लिहिताना शेवटी द, उच्चारात मात्र त. आपल्या 'तद्'चा 'तत्' व्हावा तसा. हे साम्य योगायोगाचं आहे, त्यात फार गुंतू नये. गुंतावं ते शब्दाच्या मधोमध बसलेल्या 'व'मध्ये.

शब्दाची फोड केली तर पहिला तुकडा निघतो 'मेदु', म्हणजे मध. आपला मधु तो हाच. दुसरा तुकडा 'एद', म्हणजे खाणारा. संस्कृतातला 'अद्' धातू तो हाच. ज्यातून 'अन्न' आलं, खाल्लं जातं ते. दोन्ही तुकडे जोडताना 'मेदु'तल्या उ चा व झाला आणि शब्द तयार झाला: मध खाणारा. शाळेत संस्कृत घेतलेल्या माणसाला इथे थांबावंच लागतं. मधु अधिक अरि, मध्वरि. सु अधिक आगत, स्वागत. यण् संधी! पाणिनीनं 'इको यणचि' या सूत्रात जे बांधलं, ते मध्य युरोपच्या जंगलातल्या एका जनावराच्या नावात जिवंत आहे. चेक आणि तिच्या भावंड भाषा बोलणाऱ्या स्लाव लोकांनी ते आपल्याकडून घेतलं नाही, आपण त्यांच्याकडून घेतलं नाही. उ आणि व यांची ही अदलाबदल दोघांच्याही आधीच्या, लिहून न ठेवलेल्या मूळ भारत-युरोपीय भाषेतली आहे. दोन्ही घरांनी ती सांभाळली, इतकंच.

याहून मोठी गोष्ट अशी की 'मध्वद्' हा शब्द संस्कृतात नुसता करता येतो असं नाही, तो खरोखर आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १६४ वं सूक्त म्हणजे 'द्वा सुपर्णा सयुजा सखाया'चं सूक्त. एका झाडावर दोन पक्षी. त्यातला एक गोड पिंपळफळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. 'तयोरन्यः पिप्पलं स्वाद्वत्ति': इथला 'अत्ति' हाही 'अद्'च. आणि दोनच ऋचा पुढे येतं 'यस्मिन् वृक्षे मध्वदः सुपर्णाः', ज्या झाडावर मध खाणारे पक्षी वसतात. वेदात मध खाणारे पक्षी झाले, स्लाव भाषांत मध खाणारं अस्वल झालं. घडण एक, माती एक, आणि मूर्ती वेगळ्या.

हे कळल्यापासून मला एक प्रश्न सोडत नव्हता. अस्वलासारख्या थोराड, माणसाला फाडून टाकणाऱ्या जनावराचं नाव त्याच्या खाण्यावरून का पडावं? तेही इतक्या लाडिक खाण्यावरून?

याचं उत्तर असं की हे नाव नव्हेच, नाव न घेण्याची ती युक्ती आहे. मूळ भाषेत अस्वलाला स्वतःचं नाव होतं. त्या नावाची लेकरं आजही दूरदूर पसरलेली आहेत. संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस, वेल्शमध्ये आर्थ, फारसीत खिर्स. आकाशातल्या ज्या ताऱ्यांना आपण सप्तर्षी म्हणतो त्यांना ग्रीकांनी अस्वल म्हटलं, आणि ते तारे ज्या दिशेला त्या दिशेच्या टोकाला म्हणून 'आर्क्टिक' नाव मिळालं. आपल्याकडेही तेच होतं: शतपथ ब्राह्मण सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ऋग्वेदात बळी देण्यासाठी यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधलेला शुनःशेप वरुणाला विचारतो, 'अमी य ऋक्षा निहितास उच्चा', उंचावर ठेवलेले हे ऋक्ष रात्री दिसतात, मग दिवसा कुठे जातात? मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला हा प्रश्न पडतो, याचं मला दर वाचनात नव्यानं आश्चर्य वाटतं.

पण उत्तरेकडच्या भाषांत हे नाव सापडत नाही. स्लाव भाषांत नाही, जर्मानिक भाषांत नाही, लिथुआनियनमध्येही आहे तो दुसराच शब्द. जर्मन 'बेर' आणि इंग्रजी 'बेअर' या शब्दांचा मूळ अर्थ 'तपकिरी' असा बहुतेक अभ्यासक मानतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ साली याची कारणमीमांसा मांडली: जिथे अस्वलाशी रोजची गाठ होती, तिथल्या शिकाऱ्यांनी त्याचं खरं नाव उच्चारणं सोडून दिलं. नाव घेतलं की तो ऐकतो. ऐकलं की येतो. म्हणून 'तो तपकिरी', 'तो मध खाणारा'. पिढ्या गेल्या, आडवळणाचं नाव हेच नाव झालं आणि खरं नाव कायमचं हरवलं.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. रात्री सापाचं नाव न घेता 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणणारी माणसं आपल्या गावाकडे आजही आहेत. अंगावर फोड उठवून माणसं नेणाऱ्या रोगाला आपण 'देवी' म्हटलं. 'देवी आल्या' म्हटलं, रोग झाला म्हटलं नाही. बांगडी फुटली असं न म्हणता 'वाढवली' म्हणणारी आजी बहुतेकांनी पाहिली असेल. शब्द आणि वस्तू यांच्यामध्ये एक दोर बांधलेला आहे आणि शब्द ओढला की वस्तू हलते, ही समजूत मला मागासलेली वाटत नाही. जंगलाच्या काठावर रात्र काढणाऱ्या माणसाची ती सावधगिरी होती, आणि त्या जनावराबद्दलचा आदरही त्यात होता. भीतीपोटी ठेवलेलं नाव असूनही त्यात शिवी नाही. त्याच्या ताकदीचा उल्लेख नाही, दातांचा नाही, नखांचा नाही. त्याला काय आवडतं, तेवढंच सांगितलं आहे.

फिनिश भाषा तर या कुळातली नाहीच, पण तिथेही अस्वलाचं एक गोंजारणारं नाव आहे: 'मेसिकाम्मेन', मधाच्या पंजाचा. आणि त्यातला 'मेसि' हा शब्द फार प्राचीन काळी आपल्याच कुळाच्या पूर्वेकडच्या शाखेकडून, म्हणजे इंडो-इराणी लोकांकडून, तिकडे गेलेला. मधाच्या शब्दाचे प्रवास खरंच थक्क करतात. हंगेरियन भाषेनं त्याच पूर्वेकडच्या वाटेनं 'मेझ' म्हणजे मध घेतला, आणि नंतर स्लाव शेजाऱ्यांकडून अस्वलासाठी 'मेद्वे' घेतला. आता एकाच भाषेत एकच मूळ दोन वेशांत नांदतं. चिनी भाषेतला मधाचा 'मी' हा शब्दही तारिमच्या वाळवंटातल्या तोखारी भाषेकडून गेला असं मानतात, आणि तोखारीतला 'मित' म्हणजे पुन्हा मधुच.

आता आपलं अस्वल. हा शब्द मला आधी अगदी एकटा वाटायचा. हिंदीत भालू, रीछ, आणि आपल्याकडे हे अस्वल कुठून आलं? अमरकोशात उत्तर आहे. तिथे अस्वलाची नावं दिली आहेत: ऋक्ष, अच्छभल्ल, भल्लूक. 'अच्छ' हे ऋक्षाचं प्राकृत रूप. मत्स्याचा मच्छ झाला आणि मच्छाचा मासा, तसाच या 'अच्छ'चा मराठीत 'अस' झाला. 'भल्ल' म्हणजेही अस्वल. अच्छभल्ल झिजत झिजत अस्वल. म्हणजे आपल्या शब्दात अस्वल दोनदा आहे. कार्ल लिनियसनं १७५८ साली युरोपातल्या तपकिरी अस्वलाला शास्त्रीय नाव दिलं 'उर्सुस आर्क्तोस', लॅटिन अस्वल अधिक ग्रीक अस्वल. प्राकृत बोलणाऱ्यांनी कितीतरी आधी तेच केलं होतं.

आणि म्हणून मेळघाटात किंवा ताडोब्यात कुणी 'अस्वल' म्हणतो तेव्हा त्या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांत तेच नाव असतं, जे चेक शिकाऱ्याच्या पूर्वजांनी घाबरून सोडून दिलं. त्यांनी टाकलेलं नाव आपण धरून ठेवलं. या विचारानं मला आजही भरून येतं.

(आपल्या अस्वलाचं शास्त्रीय नाव मात्र 'मेलुर्सुस', मधाचं अस्वल. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या एका निसर्ग अभ्यासकानं ते ठेवलं. विदर्भातलं अस्वल मधाचं मोहोळ फोडतं, वारुळं उकरून वाळवी ओढून घेतं आणि उन्हाळ्यात मोहाखाली पडलेली फुलं खातं. तो मोह म्हणजे संस्कृतातला मधूक; त्यातही मधु आहेच.)

कामानिमित्त मी काही काळ ब्रनोमध्ये राहिले. मोराविया प्रांतातलं हे मुख्य शहर. तिथल्या जुन्या भाजीबाजारात मधाच्या बाटल्या घेऊन माणसं बसायची. फुलांचा मध, रानातला मध, शेजारी मेदोविना म्हणजे मधाची दारू. पाटीवर नुसतं 'मेद' लिहिलेलं. त्या पाटीपाशी मी दरवेळी उगाचच रेंगाळायचे. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला मी सहज विचारलं, मेद्व्येद म्हणजे काय गं? तिनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं: ज्याला मधाचं ठाऊक असतं, तो. 'मेद' म्हणजे मध आणि 'व्येद्येत' म्हणजे जाणणं. तिच्या आजीनं तिला तसंच सांगितलं होतं.

व्युत्पत्तीच्या दृष्टीनं हे बरोबर नाही. पण हे चुकीचं स्पष्टीकरण मला फार प्रिय आहे, आणि ते कसं जन्मलं हेही स्पष्ट दिसतं. आजच्या चेकमध्ये मधाला 'मेद' म्हणतात, शेवटचा उ गळून गेला. उ गेल्यावर 'मेद्व्येद'मधला व पोरका झाला. तो कुणाचा, हे लोकांना उमगेना. मग त्यांनी तो पुढच्या तुकड्याला देऊन टाकला: मेद अधिक व्येद. आणि 'व्येद' म्हणजे जाणणं, आपला विद्, आपला वेद. तो उ अगदीच नाहीसा झाला असंही नाही. चेकमध्ये 'मधाविषयी' म्हणायचं तर 'ओ मेदु' म्हणतात. तो शेवटचा उ म्हणजे जुन्या उकारान्त शब्दांच्या चालीची खूण. मैत्रीण मला समजावताना 'ओ मेदु' असंच म्हणाली होती, आणि मला त्या एका अक्षरात आख्खा मधु ऐकू आला होता.

'एद' या दुसऱ्या तुकड्याची कथा एका चेक माणसाभोवतीच फिरते. बेद्रझिख ह्रोझनी यांचा जन्म १८७९ चा, लाबे नदीकाठच्या लिसा गावचा. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. आजच्या तुर्कस्तानातल्या बोआझक्यॉय इथे १९०६ पासूनच्या उत्खननात हजारो मातीच्या पाट्या निघाल्या होत्या. लिपी बाबिलोनी, वाचता येणारी. भाषा मात्र कुणालाच न कळणारी. त्या हित्ती साम्राज्याच्या पाट्या. ह्रोझनी इस्तंबूलला जाऊन त्यांच्या नकला उतरवून घेत होते, तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुढे सैन्यात भरती झाल्यावरही त्यांनी काम सोडलं नाही.

एका वाक्यानं सगळं उलगडलं. त्यात भाकरीचं चिन्ह होतं, ते बाबिलोनी लिपीतून ओळखीचं. त्यापुढे शब्द होता 'एत्सात्तेनी'. मग 'वातर-मा एकुत्तेनी'. भाकरी आहे तर तिचं काय करणार? खाणार. 'एत्सा' म्हणजे खाणं. लॅटिन 'एदो', जुनं जर्मन 'एत्सान'. आणि 'वातर' म्हणजे पाणीच. इंग्रजी 'वॉटर', चेक 'वोदा', आपलं 'उदक'. 'आता तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल.' साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं हे साधं, घरगुती वाक्य. त्यावरून ह्रोझनी यांनी १९१५ साली जाहीर केलं की हित्ती ही आपल्याच, भारत-युरोपीय कुळातली भाषा आहे. हित्तीत 'मी खातो' म्हणजे 'एद्मि'. संस्कृतात 'अद्मि'. ह्रोझनींच्या आजच्या चेकमध्ये ते झिजून 'यीम' राहिलं आहे, पण 'मेद्व्येद'मध्ये धातू शाबूत आहे. ज्या धातूनं त्यांना एक हरवलेली भाषा उघडून दिली, तो त्यांनी लहानपणापासून अस्वलाच्या नावात उच्चारला असणार. ही माझी कल्पना आहे की त्या क्षणी त्यांना ते आठवलं असेल; त्यांनी तसं म्हटल्याचा दाखला मी देऊ शकत नाही, पण मला ती कल्पना सोडवत नाही. आणखी एक गोष्ट: त्याच पाट्यांमुळे आपल्याला हित्तीतलं 'हार्तागा' मिळालं. अस्वलाच्या त्या हरवलेल्या मूळ नावात त आधी की क आधी, हे ठरवायला भाषाशास्त्रज्ञांना त्याच शब्दाची मदत झाली. चेक माणसाच्या भाषेनं गमावलेल्या नावाचं सगळ्यात जुनं रूप चेक माणसानंच उघडलेल्या भाषेतून हाती आलं.

चेक देशात हा शब्द पुढेही बदलत राहिला. काही भागांत म चा न झाला, 'नेद्व्येद'. पोलिश भाषेतही अस्वलाचा शब्द 'न'नेच सुरू होतो. फुटबॉल पाहणाऱ्यांना पावेल नेद्व्येद आठवत असेल, २००३ साली युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. त्याचं आडनाव म्हणजे अस्वल. मोरावियातच पेर्नश्टेयन किल्ल्याखाली नेद्व्येदित्से नावाचं गाव आहे. जंगलातल्या झाडांच्या ढोलीत मधमाश्या पाळत, त्या ढोलीला 'ब्रत्' म्हणत, आणि तिची राखण करणारा तो 'ब्रत्निक'. तिच्यावर डल्ला मारणाऱ्या अस्वलालाही लोक 'ब्रत्निक'च म्हणू लागले. नाव बदललं तरी मध काही सुटला नाही. चेस्की क्रुमलोवच्या गढीच्या खंदकात सोळाव्या शतकापासून अस्वलं पाळली गेली, कारण तिथले रोझम्बेर्क सरदार स्वतःचं नातं इटलीतल्या ऑर्सिनी घराण्याशी सांगत, आणि इटालियनमध्ये 'ऑर्सो' म्हणजे अस्वल.

मोकळं अस्वल मात्र उरलं नाही. शुमावाच्या जंगलातलं शेवटचं अस्वल १८५६ साली मारलं गेलं. जिथे ते मारलं तिथे दगड उभा केला आहे आणि आता त्या रानातून जाणाऱ्या पायवाटेला अस्वलाची वाट म्हणतात. ज्याचं नाव घेतलं तर तो येईल अशी भीती होती, त्याचं नाव आता दगडावर कोरून लोक फिरायला जातात. मला याचं दुःख होतं. स्लोवाकियाच्या डोंगरांतून एखादं अस्वल अधूनमधून पूर्वेकडच्या बेस्किदी रानात उतरतं, तेवढंच.

ब्रनो सोडायच्या सुमारास मी त्या मैत्रिणीला कठोपनिषदातली एक ओळ लिहून दिली. आमच्या घरी वडील कठोपनिषद म्हणायचे, त्यामुळे ती कानात होती, पण या शब्दाच्या नादाला लागेपर्यंत मी ती कधी ऐकलीच नव्हती असं वाटलं. 'य इमं मध्वदं वेद आत्मानं जीवमन्तिकात्.' या मध खाणाऱ्या जीवात्म्याला जो जवळून जाणतो. मी तिला ती मोठ्यानं म्हणायला सांगितली. 'मध्वदं वेद'. चेकमध्ये द्वितीयेत अस्वलाला 'मेद्व्येदा' म्हणतात. तिला ते तसंच ऐकू आलं, आणि मग तिनं 'वेद'वर बोट ठेवलं. हे व्येद्येत का? हो म्हटलं, जाणणं. म्हणजे मध, खाणं आणि जाणणं तिन्ही आहेत इथे? तिन्ही आहेत. अभ्यासकांनी सांगितलेला अर्थ आणि तिच्या आजीनं सांगितलेला अर्थ, दोन्ही एका ओळीत, शेजारी शेजारी.

मग तिनं विचारलं की इथे तो कुठला मध खातो. शंकराचार्यांनी या शब्दावर भाष्य केलं आहे, 'कर्मफलभुजम्', केलेल्या कर्माचं फळ खाणारा. ते मी तिला सांगितलं. ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होती. मग म्हणाली, पण आत्म्याला मध खाणारा म्हणायचं, म्हणजे त्याचंही खरं नाव घ्यायचं नसणार.

या प्रश्नावर आम्ही अजून पत्रं लिहितो.